डाकीण नव्हती, झिऱ्याचं पाणी होतं



पहिला पाऊस पडला आणि आमच्या भागातल्या एका फळीत तीन पोरांना हगवण लागली. एक पोर गेलं. त्या फळीचा झिरा उघडा आहे. वरच्या अंगाला ढोरं बसतात, माणसंही तिकडेच बाहेर जातात. पावसाने ते सगळं धुऊन झिऱ्यात आणलं आणि तेच पाणी हंड्यातून घराघरात गेलं. एवढी साधी गोष्ट. पण गावाने झिरा पाहिला नाही, डाकीण शोधली. एकटी राहणारी विधवा म्हातारी सापडली. रात्री तिच्या घरावर दगड पडले. ती लेकीच्या गावी पळाली. तिचं नेवाड यंदा पडीक आहे.

आता नीट ऐका. वनहक्काच्या दाव्यात वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. याच म्हातारीने कोण कधीपासून कुठे नांगर धरतो ते सांगितलं, अंगठा दिला. त्या फळीतल्या चार घरांचे दावे तिच्या जबाबावर उभे आहेत. नाकेदाराने तिची झोपडी मोडली, पीक उपटलं, दंड केला, तरी ती हलली नाही. नाकेदाराला जे जमलं नाही ते आपण एका रात्रीत केलं.

आणि आम्ही संघटनेचे कार्यकर्ते काय करत होतो? मिटिंग घेतली. म्हणालो, आत्ता हा विषय नको, दावे मंजूर व्हायचे आहेत, गावात फूट पडेल. आम्ही गप्प बसलो. लिहायला लाज वाटते, पण हे लिहिलंच पाहिजे.

साहेब लोक म्हणतात, आदिवासी घाण राहतात, अंधश्रद्धाळू आहेत. साबणाचं पोस्टर लावतात, फोटो काढतात आणि जातात. साबण लावायला पाणी कुठून आणायचं ते सांगत नाहीत. हापशासाठी बोरची गाडी आली तर जंगल खात्याचा माणूस अडवतो. म्हणतो, वनजमिनीवर काही करता येत नाही. हे खोटं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) वाचा. पिण्याचं पाणी, दवाखाना, अंगणवाडी, शाळा, रस्ता अशी १३ कामं त्यात लिहिली आहेत. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देण्याची तरतूद आहे. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. ही शिफारस साहेब करणार नाही, आपण करायची आहे. आम्ही आमच्या फाईली काढून पाहिल्या. पट्ट्याचे दावे गठ्ठ्याने आहेत. पाण्याचा ठराव एकही नाही.

आपलेच काही साथी म्हणतात, आधी पट्टा, मग बाकीचं. आम्ही त्यांना विचारतो, पट्टा कोणासाठी? पोरं हगवणीत गेली तर उद्या नांगर कोण धरेल? याच कायद्यात लिहिलंय की पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर, आणि एकटी बाई घर चालवत असेल तर तिच्या एकटीच्या नावावर. मग एकट्या बाईला डाकीण म्हटलं की तिची जमीन कोणाच्या घशात जाते? याचा विचार करा. याहामोगीला आपण आई म्हणतो. मग आपल्याच फळीतल्या आईला दगड कसे मारतो?

मनाचं दुखणंही असंच दाबून ठेवतो. नोटीस येते, उभं पीक जातं, कोर्टाच्या तारखा लागतात. माणूस झोपत नाही, जेवत नाही, बोलत नाही, दिवसभर दारूत पडतो. आपण म्हणतो वारं लागलं, नाहीतर येडा झाला म्हणून हसतो. पाय मोडला तर झोळी करून डोंगर उतरवतो. मन मोडलं तर कोणी झोळी बांधत नाही. सरकारची मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. सातपुड्यातून तिथे कोण पोचणार? ती म्हातारी आता लेकीच्या घरी कोपऱ्यात बसते. दार वाजलं की दचकते. तिलाही दुखणं झालंय, आणि ते आपण दिलंय.

पुजाराशी आमचं भांडण नाही. त्याने देव करावा, सणाला पूजा करावी. पण बाईकडे बोट दाखवू नये. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे.

येत्या ग्रामसभेत एवढं करायचं:

१) कलम ३(२) खाली पाण्याचा ठराव करा. पोच घेतल्याशिवाय उठू नका.
२) झिऱ्याला दगडाचा कठडा बांधा. ढोरांना आणि बाहेर जायला झिऱ्याच्या खालची बाजू. ग्रामपंचायतीकडून टीसीएल पावडर मागा. ती येईपर्यंत पाणी उकळूनच प्या. बाहेरून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने, नसेल तर राखेने हात धुवा.
३) हगवण लागली की लगेच एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजा. अंगावरचं दूध बंद करू नका. पोर सुस्त पडलं तर थांबू नका, दवाखाना गाठा.
४) जगून काय करू असं कोणी बोललं तर त्याला एकटं सोडू नका. शेजारी बसा, ऐका, दवाखान्यात सोबत जा. ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एक दिवस मनाच्या आजाराचा डॉक्टर बसलाच पाहिजे, ही मागणी पुढच्या मोर्चाच्या निवेदनात घाला.

येत्या बाजाराच्या दिवशी आम्ही त्या म्हातारीकडे जाणार आहोत. आधी माफी मागू, मग परत चल म्हणू. ज्या चार घरांचे दावे तिच्या जबाबावर आहेत, त्यांनी सोबत यावं.

जमीन आमची, जंगल आमचं, पाणीही आमचं!
फळीतली एकटी बाईसुद्धा आमचीच!

जिंदाबाद!