शितावरून भाताची परीक्षा

संस्कृत शास्त्रकारांनीं ‘स्थालीपुलाकन्याय’ म्हणून एक दृष्टांत सांगून ठेविला आहे. भांड्यांतील एक शीत दाबून पाहिलें म्हणजे सगळा भात शिजला कीं नाहीं तें कळतें. प्रत्येक शीत चिवडण्याचें कारण नाहीं. आपल्या घरांतील स्त्रिया हा न्याय रोज चुलीपाशीं वापरतात, आणि आम्हीं तो पस्तीस वर्षें शाळेंत वापरला. ‘पितृ’ शब्द चालविण्यास सांगितला कीं मुलाचें अर्धें व्याकरण उघडें पडे. मात्र ह्या न्यायास एक अट आहे. शीत परीक्षकानें स्वतः उचललें पाहिजे. भात विकणारानेंच निवडून दिलेलें शीत दाबून काय कळणार? ही अट किती महत्त्वाची आहे तें गेल्या महिन्यांत एका मोटारीच्या दुकानांत आमच्या प्रत्ययास आलें. पुष्कळ घरांत सध्यां हाच विषय चालूं असल्यामुळें तो वृत्तांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमची पेट्रोलची मोटार २०११ सालीं घेतलेली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें तपासणी करवून पांच वर्षांपुरतें नूतनीकरण करितां येतें. परंतु गाडीचा पत्रा खालून गंजला आहे आणि सुटे भाग मिळण्यास महिना महिना लागतो. चिरंजीव नाशकास असतात. त्यांचा आग्रह पडला, “बाबा, आतां डिझेलचीच उंच गाडी घ्या. घाटांत दम लागणार नाहीं आणि तेलाचा खर्चही कमी येईल.” रक्कम आमच्या निवृत्तीच्या पुंजींतून जावयाची होती; चूक झाल्यास ती भरून काढावयास आतां पगार नाहीं. म्हणून परीक्षा कसून घेण्याचें ठरविलें.

परीक्षेस बसणाऱ्या उमेदवाराची थोडी माहिती प्रथम करून घेतली. पेट्रोलच्या इंजिनांत हवा व इंधन यांचें मिश्रण ठिणगीनें पेटतें. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नसतेच. तेथें हवा पंधरा-सोळा पट दाबली जाते आणि त्या दाबानेंच ती इतकी तापते कीं तींत फवारलेलें तेल आपोआप पेट घेतें. सायकलमध्यें हवा भरतांना पंप हातास गरम लागतो, त्यांतलाच हा प्रकार. रुडॉल्फ डिझेल ह्या जर्मन अभियंत्यानें ह्या कल्पनेच्या हक्कासाठीं १८९२ सालीं अर्ज केला आणि १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें इंजिन यशस्वीपणें चालवून दाखविलें. ह्या जातीचें एक इंजिन १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत शेंगदाण्याच्या तेलावरही चाललें. अधिक दाबामुळें तेंच काम कमी तेलांत होतें, आणि इंजिन सावकाश फिरत असतांही ओढण्याची ताकद मोठी मिळते. मळ्यांतील विहिरीवर, मालमोटारीवर आणि एस्टीवर हें इंजिन इतकीं वर्षें टिकलें तें ह्याच गुणांमुळें.

दुकानांतील तरुण विक्रेता नम्र होता. त्यानें गाडी दाराशींच उभी ठेविली होती. आम्हीं बॉनेटवर हात ठेवून पाहिला, तों तें ऊन लागलें. म्हणजे इंजिन अगोदरच तापवून ठेविलें होतें. शिवाय त्याचा नेहमींचा मार्ग म्हणजे रुंद, गुळगुळीत रस्त्यानें तीन किलोमीटर जाऊन परत येणें. आम्हीं म्हटलें, “हें शीत तुम्हीं काढून दिलेलें आहे. आम्ही उद्यां सकाळीं सात वाजतां येऊं. गाडी थंड असूं द्या. आमच्या घरचीं माणसें व दोन बॅगा बरोबर असतील, आणि कात्रजच्या जुन्या घाटांतून जाऊं.” तो हंसला, परंतु कबूल झाला.

दुसऱ्या दिवशीं थंड इंजिन प्रथम चांगलेंच खडखडलें. मिनिटभरानें आवाज बसला, आणि कांचा वर केल्यावर आंत फारसा ऐकूं येईना. विक्रेता शेजारीं बसला. आमची सहधर्मचारिणी व तिची बहीण मागें. घाटांत गाडीनें आपलें नांव राखलें. चार माणसें, बॅगा आणि थंड हवेचें यंत्र चालूं असतांही ती तिसऱ्या गिअरमध्यें चढण न कुरकुरतां चढली. आमच्या जुन्या गाडीस तेथें दुसरा लागतो. एक खोड मात्र आढळली. वळणावर वेग फार उतरला कीं पुन्हां पाय दाबल्यावर गाडी क्षणभर विचारांत पडे आणि मग एकदम उसळी घेई. टर्बो नांवाचा हवेचा पंखा धुराच्या जोरावर फिरतो. त्यास गति येईपर्यंत हा विलंब होतो. संवय झाली म्हणजे तो जाणवत नाहीं. जुन्या बोगद्यांत समोरून एक मालमोटार दिवे लावून आली. तेथें आमचा पाय ब्रेकवर गेला. त्याचें कारण पुढें सांगतों.

परततांना गाडी आमच्या पेठेंतील गल्लींत नेली. कोपऱ्यावर ती तीन वेळां मागेंपुढें करावी लागली. आसन मात्र सहधर्मचारिणीच्या दुखऱ्या गुडघ्यांस अगदीं सोयीचें होतें; खालीं वांकावें लागत नव्हतें व वर चढावेंही लागत नव्हतें.

उतरल्यावर आम्हीं विक्रेत्यास विचारलें, “आमचें रोजचें जाणें मंडईपर्यंत, देवळापर्यंत, फार तर तीन किलोमीटर. ह्या इंजिनास तें मानवेल काय?” तो क्षणभर थांबला. “काका, खरें सांगूं? आठवड्यांतून एकदां तरी हमरस्त्यावर अर्धा तास पळवावी लागेल.” त्याच्या प्रामाणिकपणाचें आम्हांस कौतुक वाटलें. कारण असें कीं, डिझेलची काजळी आरोग्यास घातक. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालीं दिला. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे कडक नियम लागूं झाले, आणि नव्या गाड्यांच्या धुराच्या मार्गांत काजळी अडविणारी गाळणी आली. ही गाळणी आपल्यांत साठलेली काजळी जाळून टाकते, परंतु त्यासाठीं धूर पुष्कळ तापावा लागतो. तीन किलोमीटरच्या फेरींत तो तापत नाहीं. मग गाळणी तुंबते, आणि दुरुस्तीचा खर्च जबर येतो. ह्याच नियमांच्या वेळीं मारुति सुझुकीनें डिझेलच्या मोटारी करणेंच बंद केलें.

घरीं येऊन त्रैराशिक मांडलें. त्याच गाडीच्या पेट्रोल व डिझेल प्रकारांत किंमतीचा फरक १,४०,००० रुपये. पेट्रोल लिटरला १०४ रुपये व धांव १४ किलोमीटर. डिझेल ९१ रुपये व धांव १८ किलोमीटर असें धरिलें. किलोमीटरमागें बचत सुमारें २ रुपये ३७ पैसे. आमची गाडी वर्षांत ५,००० किलोमीटर चालते. म्हणजे वार्षिक बचत ११,८५० रुपये, आणि फरक फिटण्यास सुमारें १२ वर्षें. आज आमचें वय ६६. तेव्हां ७८ होईल! पूर्वीं दोन्ही तेलांच्या दरांत मोठें अंतर होतें. सरकारनें पेट्रोलचे दर २०१० सालीं व डिझेलचे २०१४ सालीं बाजारावर सोंपविले. त्यानंतर तें अंतर पूर्वीसारखें राहिलें नाहीं. नियमांचेंही तसेंच. दिल्ली व परिसरांत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादानें २०१५ सालीं आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं तो उचलून धरिला, आणि पुढेंही तेथील नियम बदलत राहिले. बारा वर्षें कांहींच बदलणार नाहीं असें धरून चालणें धाडसाचें होय.

हिशेब वाचून दाखविला तेव्हां सहधर्मचारिणी म्हणाली, “अहो, गणित बरोबर आहे, पण पांच हजार किलोमीटर हा आंकडा जुन्या गाडीच्या भीतीचा आहे. वाटेंत बंद पडेल म्हणून तीन वर्षें आपण गुहागरास गेलों नाहीं. माझा भाऊ तेथें एकटा आहे.” ह्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. थोडें थांबून ती म्हणाली, “आणि बोगद्यांत तुम्हीं ब्रेक कां दाबला तेंही मीं पाहिलें.” तेव्हां सांगावेंच लागलें. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दिवसा आम्हांस स्वच्छ दिसतें, परंतु अंधारांत समोरचे दिवे आले कीं डोळे दिपतात. ही गोष्ट आम्ही दीड वर्ष घरांत बोललों नव्हतों.

मग निर्णयास वेळ लागला नाहीं. आसन तितकेंच उंच असलेली, परंतु लांबीनें कमी अशी पेट्रोलची गाडी घ्यावयाची, आणि वांचलेले १,४०,००० रुपये निराळे ठेवून लांबच्या प्रवासास दर वेळीं पगारी चालक बोलवावयाचा. चिरंजीवांस प्रथम हें रुचलें नाहीं. डोळ्यांची हकीकत कळल्यावर ते गप्प बसले. आमच्या शेजारचे गृहस्थ मात्र कामासाठीं वर्षांत २५,००० किलोमीटर हिंडतात. त्यांचा फरक अडीच वर्षांच्या आंत फिटतो आणि गाळणीही स्वच्छ राहते. त्यांस आम्हीं डिझेलचीच शिफारस केली आहे.

वाचकांस विनंती इतकीच. परीक्षेस जातांना इंजिन थंड मागा. घरांतील सर्वांत वृद्ध माणसास बसवून व उतरवून पाहा. चढण, अंधार आणि आपली गल्ली ह्या तिन्ही ठिकाणीं गाडी स्वतः चालवा. आणि गेल्या वर्षीं किती किलोमीटर हिंडलों तो आंकडा दुकानांत जाण्यापूर्वीं कागदावर लिहून न्या. आपल्या डोळ्यांविषयीं कांहीं लपविलें असेल तर तेंही त्याच कागदावर लिहावें. भाऊबीजेस गुहागरास जाण्याचें आमचें ठरलें आहे. चालकास सांगून ठेविलें आहे.