जन्माची निश्चिंती!

स्तनवृद्धीची शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या स्त्रीस नांवें ठेवणाऱ्या नीतिपंडितांच्या पंक्तीस आम्हीं बसूं इच्छीत नाहीं. शरीर तिचें, हौसहि तिचीच. आमचा वाद आहे तो “एकदां केलें कीं जन्माची निश्चिंती” असें भासविणाऱ्या जाहिरातदारांशीं.

जन्माची म्हणे! १९६२ सालीं टेक्सासमधील ह्यूस्टन येथें सिलिकोनची पिशवी प्रथम एका स्त्रीच्या छातींत बसविली गेली. तेव्हांपासूनचा अनुभव असा कीं, ही वस्तु जन्मभर पुरणारी नव्हे. शरीर तिच्याभोंवतीं व्रणतंतूंचें वेष्टन विणतें; कित्येकींच्या बाबतींत तें आवळत जातें, स्तन कठीण होतो, ठणकतो. पिशवी फाटली तरी पुष्कळदां बाहेरून कांहींच कळत नाहीं. म्हणूनच अमेरिकेचें अन्न व औषध प्रशासन ५-६ वर्षांनीं पहिली व पुढें दर २-३ वर्षांनीं एम्. आर्. आय्. किंवा सोनोग्राफीची तपासणी सुचवितें.

“हें सांगितलें तर बायका घाबरतील,” असें समर्थन केलें जातें. घाबरूं द्या कीं! फ्रान्समधील पी. आय्. पी. कंपनी पिशव्यांत कारखानी सिलिकोन भरीत होती, हें २०१० सालीं उघडकीस आलें. तोंवर विश्वासून राहिलेल्या स्त्रियांस त्या निर्भयतेचें काय फळ मिळालें? २०२१ सालीं अमेरिकेंत अशा पिशव्यांवर चौकटींतील ठळक इशारा सक्तीचा झाला. आमच्याकडील स्त्रीनें मात्र इंग्रजी संमतिपत्रावर मुकाट्यानें सही करावी काय? तिनें पहिल्याच भेटींत डॉक्टरांस विचारावें: ही पिशवी पुढें काढावी लागली, तर तो खर्च कोणाचा?