वाडियाशेटचं चरित्र आणि धोट्यातला धागा

शेटलोकांच्या चरित्रात कष्ट फार असतात. आज्याचे कष्ट, बापाचे कष्ट. आमच्या पाठीवरची गोणी त्यात कुठंच नसते.

नेव्हिल वाडिया घ्या. 1911 साली लिव्हरपूलला जन्म, 1938 साली जिनांच्या मुलीशी लग्न, 1952 पासून बॉम्बे डाइंगचा चेअरमन, 1996 ला मृत्यू. घराण्याचा मूळपुरुष लवजी. 1736 साली सुरतेहून मुंबईला आला नि कंपनी सरकारची जहाजं बांधू लागला. (मी गोदीत खपतो, म्हणून हे मुद्दाम वाचलं.) अफूच्या युद्धात हरलेल्या चीननं 1842 साली ज्या ‘कॉर्नवॉलिस’वर तह केला, ते जहाज इथलंच, वाडियांनी बांधलेलं.

परळचं वाडिया हॉस्पिटल याच घराण्याचं. आमच्या चाळीतली निम्मी पोरं तिथंच जन्मली, मीपण. ते नाकारायचा करंटेपणा मी करणार नाही. पण पैसा कुठल्या खात्यातनं आला, ते विचारणारच.

मुंबईच्या गिरण्यांत बरा पगार साचेखात्यात. तिथं आमच्या आज्या-पणज्याला मज्जाव. का? तर कांडी बदलली की धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, नि आमच्या थुंकीनं सवर्ण विणकर बाटे! मग आम्हाला रिंगखातं, कमी पगार. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल टाकला, तेव्हा लाल बावट्याच्या पुढाऱ्यांची पंचाईत झाली. मालकांचं काय अडलं होतं? स्वस्तात हात मिळत होते. विटाळ कामगारानं पाळला, नफा मालकानं खाल्ला. चरित्रकारांनी या धाग्यावर एखादं पान तरी खर्चावं की!

1971 साली नेव्हिल कंपनी गोएंकांना विकायला निघाला. पोरगा नस्ली आडवा आला. जे. आर. डी. टाटांनी त्याची पाठ राखली, नोकरदारांनी आपली पुंजी मोडून शेअर घेतले. कंपनी घरात राहिली. कुणाच्या घरात, ते पुढं कळलं.

18 जानेवारी 1982 ला अडीच लाख कामगार संपावर गेले, गिरण्या मोडल्या. 1991 च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते: पालिका, म्हाडा, मालक. 2001 साली सरकारनं ही वाटणी मोकळ्या जागेपुरतीच ठेवली नि 2006 साली सुप्रीम कोर्टानं त्यावर शिक्का मारला. 2020 च्या लॉटरीत बॉम्बे डाइंग, स्प्रिंग, श्रीनिवास मिळून घरं निघाली 3,894. आणि 2023 साली बॉम्बे डाइंगच्या वरळीच्या 22 एकरांचा सौदा 5,200 कोटींना ठरला.

चरित्र लिहिणाऱ्यानं हे आकडे घेऊन एकदा नायगावच्या बीडीडी चाळीत यावं. साचेखात्याच्या दारातनं परत फिरवलेल्यांची नातवंडं तिथं आहेत, नावानिशी सांगतील.