'आम्ही खूप मजा केली' पुरे झालं!

खोपोलीच्या इमॅजिकाला सहल जाऊन आली की आपण फळ्यावर 'माझी सहल' असा विषय लिहितो. मग वहीमागून वहीत तेच वाक्य येतं, 'आम्ही खूप मजा केली'. तीच मुलं मधल्या सुट्टीत मात्र 'नायट्रो भारी की राजासौरस' यावर तावातावाने भांडत असतात. शिक्षक मित्रांनो, खरा निबंध तिथे चाललेला असतो.

नायट्रो हा रोलर कोस्टर. त्याची भीती वेगाची आणि उलटंपालटं होण्याची. राजासौरसमध्ये आपण बोटीतून जातो आणि घाबरवायला डायनासोर येतो. हा प्राणी खरोखर होता बरं का! त्याचे जीवाश्म गुजरातेत सापडले, नाव २००३ मध्ये मिळालं आणि शास्त्रीय नावात चक्क नर्मदा आहे. मुलांना विचारा, त्या बोटीच्या राइडमधला डायनासोर काढून टाकला तर तेवढीच मजा येईल का? मग बघा, कशी कारणं देतात. पालकांनीही घरी "आवडलं का?" एवढ्यावर थांबू नये.

पण पैशांअभावी सहलीला न आलेली मुलं या भांडणात गप्प बसतात. माझ्या मते विषयच बदलायला हवा. त्यांना जत्रेतला आकाशपाळणा, मौत का कुआँ लिहू द्या. उभ्या भिंतीवर मोटारसायकल फिरवणारा माणूस मोठा की पट्ट्याने जखडून बसलेले आपण, यावर सगळा वर्ग भांडू शकतो.

शुद्धलेखन? ते दुसऱ्या तासाला तपासू.