बर्फ नाही, पण घाट आहे ना!

थंडी पडली की कॉलेजच्या ग्रुपवर एकच चर्चा सुरू होते, गुलमर्ग की मनाली? बर्फात स्कीइंग करायचं, रील टाकायची आणि वर्षभर तोच डीपी ठेवायचा. जायला काहीच हरकत नाही. पण भुसावळहून दिल्ली, पुढे रात्रभराचा बसप्रवास, भाड्याचे बूट-जॅकेट असा हिशेब मांडला की अर्धा ग्रुप 'पुढच्या वर्षी पाहू' म्हणतो. मग जवळचं काही सुचवावं, तर उत्तर ठरलेलं, "आपल्याकडं काय हाय बे पाहासारखं?"

हाय ना! माझं मत विचाराल तर बोथा घाट.

बुलढाणा-खामगाव रस्त्यावरचा हा घाट ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं हे जंगल अजिंठ्याच्या डोंगररांगेत आहे. इथे अस्वलं आहेत, बिबटे आहेत, पलढगचा तलाव आहे. पावसाळ्यात तर घाट असा हिरवागार होतो की फिल्टरची गरजच नाही. आणखी एक गंमत पाहा. ज्ञानगंगेचं पाणी पूर्णा आणि तापीतून अरबी समुद्राला मिळतं. याच डोंगररांगेत, बुलढाण्याजवळ उगम पावणारी पैनगंगा मात्र वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागरात पोहोचते. आपल्या डोंगरावरचा पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो!

२०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला 'वॉकर' वाघ तेलंगणा, मराठवाडा पालथा घालून डिसेंबरमध्ये ज्ञानगंगेत आला आणि इथे रमला. रेडिओ कॉलरवरून मोजलेली त्याची भटकंती सुमारे ३,००० किलोमीटर भरली. इतकं चालून त्यानं जे जंगल शोधलं, ते आपण एसटीच्या खिडकीतून बघून न बघितल्यासारखं करतो.

पण नुसतं 'चला घाटात' म्हणून भागणार नाही. गाडी थांबवून स्पीकर लावायचा, वेफर्सची पाकिटं फेकायची, माकडांना बिस्किटं द्यायची, अशी ट्रिप असेल तर घरीच बसलेलं बरं. बिस्किटांच्या आशेनं माकडं रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली सापडतात. आत जायचं तर वनविभागाची रीतसर परवानगी घ्यावी, गाइड गावातलाच घ्यावा, जेवण गावातच सांगावं.

गुलमर्गमध्ये स्की शिकवणारे, स्लेज ओढणारे त्याच डोंगरावर पोट भरतात. आपल्या घाटाखालच्या गावांतली पोरं मात्र कामासाठी पुणे गाठतात. पर्यटनाचे चार पैसे गावात राहिले, तरच जंगल राखण्यात गावाला रस वाटेल. शासनानं सोयी कराव्यातच, पण पाहुणे म्हणून आधी आपण तरी जायला हवं.

मनाली कुठं पळून जात नाही. येत्या रविवारी बोथा घाट करा, आणि सोबत नेलेला कचरा परत घेऊन या.