सहावी ते आठवीचा इंग्रजीचा तास नक्की कोणाचा?

जळगाव-धुळ्याच्या गावांत शाळेचा विषय निघाला की पालकांचं म्हणणं ठरलेलं असतं, "झेडपीच्या शाळेत इंग्रजी होत नाही." मग पोरगं स्कूलबसमधून इंग्लिश मिडियमला जातं आणि गावातल्या शाळेचा पट घसरतो.

पण मराठी शाळेत इंग्रजी पहिलीपासून आहे. तत्कालीन शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या काळात, २००० साली हा निर्णय झाला. त्याआधी एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची.

मग गाडी अडते कुठे?

'असर'च्या २०२२ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीच्या २४.५ टक्के मुलांना इंग्रजीतली साधी वाक्यं वाचता आली. म्हणजे चारातल्या तिघांना नाही. हीच मुलं पुढच्या वर्षी सहावीत बसतात, आणि तिथलं पुस्तक वाचता येतं असं धरूनच चालतं. आठवीपर्यंतही आकडा ४६.७ टक्क्यांवरच जातो.

आता कायदा बघा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी किमान तीन प्रकारचे शिक्षक सांगितलेत. गणित-विज्ञानाचा एक, सामाजिक शास्त्राचा एक आणि भाषांचा एक. इंग्रजीचा वेगळा शिक्षक हवाच, असं कुठेही म्हटलेलं नाही. त्यामुळे लहान शाळेत मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकाच गुरुजींच्या किंवा मॅडमच्या वाट्याला येते.

टीईटीमध्येही तेच. सहावी ते आठवीचा पेपर १५० गुणांचा. त्यात ६० गुण गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्राला. भाषा शिकवणाऱ्यालाही यातलंच एक निवडावं लागतं. इंग्रजीला मिळतात ३० गुण, तेही पर्यायी प्रश्नांचे. वर्गात इंग्रजी बोलता येतं का, हे त्यात तपासलं जात नाही. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलं, ते याच परीक्षेबद्दल.

त्यात खान्देशाची आणखी एक गोष्ट. अमळनेर, पारोळा, साक्रीकडे घरी अहिराणी, शिरपूरच्या पाड्यांवर पावरी, चाळीसगावच्या तांड्यांवर बंजारा. अशा मुलासाठी प्रमाण मराठी हीच शाळेत भेटलेली नवी भाषा असते. इंग्रजी त्याच्याही पुढची. "काय करी ऱ्हायना?" असं विचारून थेट "व्हॉट आर यू डूइंग?"वर गेलं तर उडी एकच पडते. मध्ये प्रमाण मराठी आणली की दोन.

मार्ग नाहीत असं नाही. 'प्रथम' संस्थेची पद्धत आहे, इयत्तेनुसार नाही तर मुलाला काय येतं त्यानुसार गट करायचे. अक्षरवाल्यांचा एक, शब्दवाल्यांचा एक, वाक्यवाल्यांचा एक. पण मग टाचणही तीन गटांचं लागतं. तीन भाषांचे तास घेणाऱ्या शिक्षकाने हे टाचण कधी काढायचं? म्हणून टाचण पुस्तकाचं निघतं, मुलांचं राहून जातं.

नववीत पुस्तक आणखी वर सरकतं आणि दहावीला बोर्डाचा पेपर असतो. सुटलेलं भरून काढायची शेवटची सोयीची वेळ म्हणजे ही तीन वर्षं.

म्हणून शाळा बदलण्याआधी पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत दोन प्रश्न विचारावेत. भाषेचा शिक्षक किती वर्ग सांभाळतो? आणि माझ्या मुलाला आज इंग्रजीचं एक वाक्य वाचता येतं का? दुसऱ्याचं उत्तर घरीही मिळेल. पाच मिनिटं लागतात.