नाव घ्यायचे तर आमच्या गावाचे घ्या

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. तिच्या गावातून कायद्याच्या कॉलेजात गेलेली ती पहिलीच मुलगी. फराळाची बशी बाजूला सारून तिने पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढले, खूण घातलेले पान उघडले आणि विचारले, "गुरुजी, हे देसाईगंज म्हणजे आपला वडसाच का जी?"

मी म्हटले, "होय, तोच."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तोंडी परीक्षेत मला हाच खटला विचारला. मी धडाधड सांगितला. मार्कही चांगले पडले. पण सांगताना त्या बाईचं नाव मी चार-पाचदा घेतलं. घरी आल्यावर मनाला लागलं. ती तर आपल्याच मुलखातली. तिचं नाव असं घ्यायचा हक्क मला कोणी दिला?"

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. ते देण्यासाठी हा लेख. आरंभीच सांगून ठेवतो की, ते नाव या लेखात सापडणार नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते आठवेल. ज्यांना ठाऊक नाही त्यांचे काही अडणार नाही.

हकीगत थोडक्यात अशी. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका मुलीला थांबवून घेतले गेले. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो १९८२ साली. मुलगी आदिवासी, पोरकी, मजुरीवर पोट भरणारी. वय १४ ते १६ च्या दरम्यान. बरोबरच्या माणसांना बाहेर जायला सांगितले आणि ती आत राहिली. पुढे दोन पोलिसांवर खटला उभा राहिला. सेशन्स कोर्टाने १९७४ साली दोघांनाही सोडले. नागपूरच्या उच्च न्यायालयाने १९७६ साली दोघांना शिक्षा दिली. भीतीपोटी मुकाट राहणे म्हणजे संमती नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षाही रद्द केली. अंगावर जखमेची खूण नाही, प्रतिकार केल्याचा पुरावा नाही, तेव्हा जबरदस्ती सिद्ध होत नाही! ज्या ठाण्यात रक्षणासाठी जायचे, त्याच ठाण्यात कोंडलेल्या पोरीने प्रतिकार करायचा तो कोणाच्या भरवशावर, हा प्रश्न त्या निकालाला पडला नाही.

तो प्रश्न पडला कायदा शिकवणाऱ्या चार माणसांना. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चौघांनी १६ सप्टेंबर १९७९ रोजी भारताच्या सरन्यायाधीशांना एक अनावृत पत्र लिहिले. संमती आणि शरणागती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला सुनावले. मुलीला रात्री ठाण्यात थांबवून घेणे हेच मुळात कायद्याविरुद्ध असताना निकालपत्रात त्याचा निषेध करणारा एक शब्दही नाही, हेही दाखवून दिले.

आज हे वाचताना त्यात काही विशेष वाटणार नाही. पण काळ पाहा. आणीबाणी उठून जेमतेम अडीच वर्षे झाली होती. न्यायालयांवर टीका केली म्हणून केरळचे माजी मुख्यमंत्री ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांना सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली बेअदबीबद्दल दोषी धरले होते, ही गोष्ट वकिलांच्या आठवणीत ताजी होती. अशा वेळी या मास्तरांनी आपली नावे खाली घालून पत्र लिहिले. त्या पत्रानंतर १९८० साली बायका रस्त्यावर उतरल्या, विधी आयोगाने अहवाल दिला आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातील बाईवर असा प्रसंग आला व संबंध घडल्याचे सिद्ध झाले, तर "माझी संमती नव्हती" हे तिचे म्हणणे कोर्टाने आधी खरे धरायचे, अशी तरतूद आली. त्या एका खटल्याचा निकाल मात्र होता तसाच राहिला.

भाषणस्वातंत्र्य म्हणजे काय, हे मला कोणी विचारले तर मी हे पत्र पुढे करीन. मी मॅट्रिकपलीकडे शिकलो नाही. घटनेच्या १९ व्या कलमावर प्रबंध लिहिणे माझ्या आवाक्यातले नाही. पण एवढे कळते की, त्या चौघांचा शब्द खालून वर गेला. राज्यातल्या सर्वांत दुबळ्या मुलीच्या बाजूने तो सर्वांत उंच आसनाला जाऊन भिडला.

आणि त्यानंतर काय झाले? त्याच १९८३ च्या दुरुस्तीने फौजदारी कायद्यात २२८-अ हे कलम घातले. अत्याचार झालेल्या स्त्रीचे नाव छापणे हा गुन्हा ठरला. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. नवीन न्याय संहितेत तेच कलम ७२ व्या क्रमांकाने आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने वर्तमानपत्रांना बजावले की, नाव तर नाहीच, पण जिच्यावरून ओळख पटेल अशी खूणही छापू नका. म्हणजे जिच्या दुःखातून हे कलम जन्मले, तिच्यानंतरच्या प्रत्येकीला त्याचे पांघरूण मिळाले. उघडी राहिली ती एकटी! खटल्याच्या अधिकृत शीर्षकात एका पोलिसाचे नाव आहे. ते कोणाच्या तोंडी नाही. प्राध्यापक, प्रबंधकार, पाठ्यपुस्तके, परीक्षेच्या प्रश्नपत्रिका हा खटला ओळखतात तो तिच्या नावाने.

विद्वज्जनांकडून यावर तीन उत्तरे येतात. पहिले असे की, नाव पुसले तर इतिहास पुसला जाईल. काय म्हणून? कामाच्या जागी स्त्रियांच्या छळाविरुद्धचे नियम ज्या १९९७ च्या निकालाने दिले, तो खटला 'विशाखा' या संस्थेच्या नावाने ओळखला जातो. २०१२ च्या दिल्लीच्या घटनेने सारा देश हलला आणि २०१३ चा कायदा आला, तो एका ठेवलेल्या नावावर. इतिहासाचे काय बिघडले?

दुसरे उत्तर संशोधनाच्या स्वातंत्र्याचे. निकालपत्र छापण्याची कायद्यात मुभा आहे, म्हणून विद्वानांनाही ती आहे, असे हा पक्ष सांगतो. ती कुठवर पोचते, याचा कीस वकिलांनी पाडावा. माझा प्रश्न रीतीचा आहे. जे स्वातंत्र्य न्यायमूर्तींसमोर ताठ उभे राहिले, ते एका मजूर बाईच्या दारात जाऊन तिचे नाव पुकारू लागले, तर त्यात कसले शौर्य? स्वातंत्र्याची दिशा उलटली की त्याची नुसती सवय उरते. कायदा म्हणतो, स्त्रीने स्वतः लिहून परवानगी दिली तर नाव छापता येते. १९८३ पासून छापलेल्या किती पुस्तकांच्या लेखकांजवळ असा कागद आहे? असेल त्याने दाखवावा. मी हा लेख मागे घेईन.

तिसरे उत्तर सोयीचे आहे: इतकी वर्षे रुळलेले नाव आता कसे बदलणार? हे तर ऐकूनच घेऊ नये. १ जुलै २०२४ पासून तीन नवे कायदे आले आणि कायद्याची सारी पुस्तके पुन्हा छापावी लागली. ३७६ चे ६४ झाले, २२८-अ चे ७२ झाले. शेकडो कलमांचे आकडे प्रकाशकांनी बदलले. तेवढे एक नाव तेवढे बदलता येत नाही?

चौघांना मी दोष देत नाही. त्यांनी पत्र लिहिले तेव्हा ते कलम नव्हते, आणि निकालपत्रातच नाव उघडे होते. दोष त्यांच्यामागून आलेल्यांचा आहे. त्यांनी पत्रातले धैर्य पानावरच ठेवले आणि नाव तेवढे उचलले.

त्यात मीही आलो. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या साहित्य मेळाव्यात बोलताना, आपला मुलूख देशाच्या कायद्याच्या पुस्तकात कसा गेला, हे मी रंगवून सांगितले, आणि शेवटी तिचे नाव घेतले. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या कोणाच्या पैशाने मिळवल्या, हे मला एका विद्यार्थिनीने सांगावे लागले.

खरे तर आमची लाज आणखी मोठी आहे. त्या रात्री ठाण्याबाहेर माणसे जमली होती. ती खवळली, ठाणे पेटवण्याची भाषा बोलू लागली, हे निकालपत्रातच नोंदले आहे. म्हणजे अडाणी म्हणवणारी माणसे गप्प नव्हती. गप्प राहिलो ते आम्ही लिहिणारे. वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे माहेर. दिवाळी सरली, मंडई भरू लागली की नाटक कंपन्या रात्र रात्र जागवतात. नायिकेच्या दुःखाला प्रेक्षक डोळे पुसतात. मी डझनांनी नाटके पाहिली, कादंबऱ्या लिहिल्या. पण त्या ठाण्याच्या बंद दाराविषयी ना मी पाहिलेल्या नाटकांत शब्द होता, ना मी लिहिलेल्या कादंबऱ्यांत. पत्र लिहायला दिल्ली-पुण्याची माणसे लागली.

म्हणून मागणी एकच. या खटल्याला 'देसाईगंज खटला, १९७२' म्हणा. गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून आमच्याच गडचिरोलीत आहे. पहिला पाठ त्याने घालून द्यावा. गावाची बदनामी होईल, अशी ओरड होईल. होऊ द्या! ठाणे गावात होते, तेव्हा बदनामी गावानेच सोसायची. पन्नासांहून अधिक वर्षे ती एका बाईने आमच्या वतीने सोसली, तेवढी पुरे झाली.

माझ्या विद्यार्थिनीला उत्तर असे: मुली, तो हक्क तुला कोणीही दिलेला नाही, आणि मलाही नाही. पुढच्या खेपेला परीक्षकाने ते नाव घेऊन प्रश्न विचारला, तर उत्तर दे, पण आधी म्हण, "सर, तो देसाईगंजचा खटला." एखादा मार्क गेला तर जाऊ दे.